सेटलमेंट, टिल्ट, बेंचमार्क : मराठीत काय लिहायचं?

आमच्या शेजारच्या प्लॉटवर बेसमेंटसाठी खोल खोदकाम चालूय म्हणून आमच्या बिल्डिंगच्या कॉलमना मार्कर बसवलेत आणि सर्व्हेवाले येऊन लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून रीडिंग घेतात. तो रिपोर्ट मला मराठीत करून सोसायटीच्या बोर्डावर लावायचाय. सेटलमेंट, डिफरन्शियल सेटलमेंट, टिल्ट, बेंचमार्क याला काय लिहू? 'इमारत खचली' लिहिलं तर निम्मे सभासद सामान बांधतील. कोशातले जड शब्दही नकोत, साठीच्या पुढचे बरेच जण वाचणार आहेत.

—

ताई, 'खचली' नका लिहू. खचणं म्हणजे खालचा आधारच जाणं. रस्ता खचतो, विहिरीची कड खचते. सेटलमेंट म्हणजे वजनाखाली माती हळूहळू दाबली जाते आणि बांधकाम तेवढं खाली येतं, त्याला गवंडी लोक कायम 'बसणं' म्हणतात. भराव बसला, जोतं बसलं, पाया बसला. नवीन बांधकाम थोडं बसतंच. तोच शब्द घ्या.

—

वरच्यांशी सहमत, फक्त खचणं हा शब्द पार टाकूनही देऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या बातम्यांत काही ठिकाणी भूस्खलन लिहिलं जात होतं, ते म्हणजे दरड कोसळणं. जोशीमठला मात्र घरांखालची जमीनच खाली जात होती, म्हणजे खचत होती. इस्रोने उपग्रहाच्या चित्रांवरून १२ दिवसांत ५.४ सेंमी असा आकडा दिला होता. त्याला 'बसणं' म्हणणं म्हणजे लोकांपासून धोका लपवणं.

—

मी लेव्हलिंगच्याच कामात आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सगळी बिल्डिंग सारखी १० मिमी बसली तर बाहेरून येणाऱ्या पाइपांचे जोड सोडले तर फारसं काही बिघडत नाही, घात करतं ते कमीजास्त बसणं. दोन कॉलममध्ये ६ मीटर अंतर आहे आणि एक कॉलम दुसऱ्यापेक्षा २० मिमी जास्त खाली गेला तर ते झालं ३०० ला १, साधारण तिथपासून भिंतींना तिरक्या भेगा दिसायला लागतात. त्यामुळे डिफरन्शियलला सरळ 'असमान बसणे' लिहा आणि नुसता आकडा देऊ नका, कुठल्या दोन कॉलममधला फरक आणि त्यांच्यात अंतर किती हे शेजारी लिहा, नाहीतर २० मिमी वाचून माणसाला काहीच कळत नाही.

बेंचमार्कला, म्हणजे जिच्या उंचीशी बाकी सगळी मापं ताडायची तिला, 'पक्की खूण' म्हणा, आणि ती कुठे आहे ते नोटिशीत लिहाच. ती खोदकामाच्या प्रभावापासून लांब, शक्यतो खडकात असली पाहिजे. खड्ड्याच्या कडेलाच खूण धरली तर बिल्डिंगही बसते, खूणही बसते आणि कागदावर फरक शून्य येतो. त्या खुणेपासून निघायचं, सगळे मार्कर घेत परत तिथेच येऊन क्लोज करायचं, आणि क्लोजिंग एरर, म्हणजे परत आल्यावर त्याच खुणेच्या उंचीत दिसणारा फरक, मर्यादेत आला नाही तर सगळा राउंड पुन्हा. यंत्र मागच्या आणि पुढच्या स्टाफच्या (खुणेवर उभ्या धरायच्या मापाच्या काठीच्या) बरोबर मध्ये लावायचं, म्हणजे यंत्राची नजर किंचित तिरकी असली तरी चूक दोन्हीकडे सारखी येते आणि वजाबाकीत निघून जाते. स्टाफ इन्व्हारच्या पट्टीचा, म्हणजे सुमारे ३६ टक्के निकेल असलेल्या लोखंडाचा, तो उन्हात जवळजवळ वाढतच नाही. एवढं सगळं मिलिमीटरच्या दशांशासाठी करायचं आणि मग रिपोर्टमध्ये 'थोडे सेटलमेंट आढळले' असं लिहायचं, हे मला अजिबात पटत नाही.

—

लेव्हलला पाणसळ चालेल का?

—

नको, पाणसळ म्हटलं की गवंड्याच्या हातातली बुडबुड्याची पट्टी डोळ्यांसमोर येते. लेव्हलच राहू दे. टिल्टला मात्र 'कल' हा अगदी चपखल शब्द आहे, भिंत ओळंब्यात नाही म्हणजे कललीय. पण कल आणि बसणं एकत्र करू नका. पिसाच्या मनोऱ्याचं बघा, १९२८ मध्ये त्याच्या जोत्याभोवती लेव्हलच्या खुणा केल्या आणि त्या शेजारच्या बॅप्टिस्टरीवरच्या (बाप्तिस्म्याच्या इमारतीवरच्या) खुणेशी जोडल्या. १९९० मध्ये मनोरा बंद केल्यावर तज्ज्ञांनी जुनी मापं नीट तपासली तेव्हा कळलं की दक्षिणेची कड खाली जात असताना उत्तरेची कड वर उचलली जातेय. म्हणजे मनोरा नुसता बसत नव्हता तर फिरत होता. त्यावरूनच आधी उत्तरेच्या बाजूला शिशाचं ६०० टन वजन ठेवायचा निर्णय झाला, पुढे त्याच बाजूखालची माती थोडीथोडी काढून कल साधारण अर्धा अंश कमी केला आणि डिसेंबर २००१ मध्ये मनोरा परत उघडला. सगळ्याला 'खचणं' म्हणत बसले असते तर वजन कुठे ठेवायचं हेच कळलं नसतं.

—

वर जाण्यालाही शब्द ठरवून ठेवा, मी 'उचल' सुचवेन. आमच्याकडे मराठवाड्यात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि हलकी घरं तिच्याबरोबर वरखाली होतात. तक्त्यात खाली गेलं तर उणे, वर आलं तर अधिक असं डोक्यावरच लिहा, आणि प्रत्येक रीडिंगपुढे तारीख हवीच. मे महिन्याचं रीडिंग आणि ऑगस्टचं रीडिंग शेजारी ठेवून खोदकामावर खापर फोडायच्या आधी मधे पाऊस किती झाला तेही बघावं लागतं.