सकाळी ९ ते सायंकाळी ५ : स्वस्त विजेसाठी घराचे वेळापत्रक बदलावे का?

वहीतला हिशेब :

पुण्यातील आमच्या सदनिकेत गेल्या पावसाळ्यात जुने मीटर काढून टीओडी, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारे, मीटर बसवण्यात आले. ज्या घरगुती ग्राहकांकडे हे मीटर आहे, त्यांना १ जुलै २०२५ पासून महावितरण सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत देऊ लागले, आणि ही सवलत पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत वाढणार आहे. वीज रात्री स्वस्त असते अशी अनेकांची समजूत आहे, आणि आमच्या इमारतीत आजही एक कुटुंब मोठ्या निष्ठेने रात्री अकरा वाजता धुलाई यंत्र लावते. त्यांना त्याचा एका पैशाचाही लाभ होत नाही, झोपमोड मात्र खालच्या मजल्याची होते.

मी निवृत्त आहे आणि मला नोंदी ठेवण्याची सवय आहे. ऑक्टोबरपासून आम्ही चार कामे नऊनंतर ढकलली : गरम पाण्यावरची कपडेधुलाई, इस्त्री, आठवड्यातून एकदा घरघंटीवरचे दळण आणि आम्हा दोघांच्या आंघोळी. यांतील शेवटचे काम सर्वांत अवघड गेले, कारण आमच्याकडे आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय चहा न घेण्याची पद्धत होती. ती आता मोडली आहे. डिसेंबरच्या वापराचे बिल समोर ठेवून लिहितो. एकूण २६२ युनिटांपैकी ११८ युनिट सवलतीच्या वेळेत पडले आणि ९४ रुपये ४० पैसे वाचले. माझ्या मते ज्यांना शक्य आहे त्या प्रत्येकाने हा बदल करावा. वेगळे मत असल्यास अवश्य मांडावे.

पहिला डबा :

आपल्या शिस्तीबद्दल आदर आहे, परंतु आपल्या मांडणीत एक आकडा राहून गेला आहे असे वाटते. वेळापत्रक बदलण्यापूर्वी सकाळी ९ ते ५ मध्ये आपला वापर किती होता? फ्रिज दिवसरात्र चालूच असतो, दुपारी पंखा आणि दूरचित्रवाणी चालते, आणि यांवरची सवलत तर काहीही न करता मिळते. तो भाग वजा केल्याखेरीज आपल्या कष्टांची किंमत कळणार नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मी डोंबिवलीत राहते. सकाळी ७ वाजून १२ मिनिटांची लोकल पकडते आणि घरी परत येईपर्यंत साडेसात होतात. पतीचेही तसेच. आमच्या घरात ज्या आठ तासांत वीज स्वस्त आहे, त्याच आठ तासांत घराला कुलूप असते. यंत्राला टायमर लावून जावे असे कोणी सुचवील. तोही प्रयोग करून झाला. दुपारी धुतलेले कपडे संध्याकाळपर्यंत ड्रममध्ये गोळा होऊन पडतात, त्यांना कुबट वास येतो आणि ते पुन्हा धुवावे लागतात. शिवाय आमच्याच मजल्यावर एका बंद घरात यंत्राची पाण्याची नळी निसटली होती आणि खालच्या घरातील छताचा गिलावा उतरला, तेव्हापासून बंद घरात यंत्र चालू ठेवण्याची हिंमत होत नाही.

थोडक्यात, ही सवलत वीज जपून वापरणाऱ्याला मिळत नाही, तर ज्याच्या घरी दुपारी कोणीतरी असते त्याला मिळते, आणि हे 'कोणीतरी' बहुतेक घरांत कोण असते हे सांगायला नको.

काटकसरी :

वेळ बदलण्यापेक्षा वापर कमी करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. धुलाई यंत्रात खरी वीज खाते ती पाणी तापवणारी कॉइल. ड्रम फिरवणाऱ्या मोटरला फारसे काही लागत नाही. तेच कपडे साध्या पाण्यात धुतल्यास एका धुलाईची वीज एका युनिटवरून पाव युनिटापर्यंत सहज खाली येते. म्हणजे जिथे पाऊण युनिटची पूर्ण किंमत वाचू शकते, तिथे आपण एका युनिटवरचे ८० पैसे वाचवत आहोत. आणि हेही ध्यानात घ्यावे की ३०० युनिटांची मर्यादा ओलांडली की सगळ्याच बिलाला वरचा दर लागतो.

भारनियंत्रक :

काटकसरी यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे, शेवटचा मात्र दुरुस्त करावा लागेल. घरगुती दर १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि ५०० च्या वर चौथा, असे टप्प्यांचे आहेत. ३०५ युनिट झाले तर वरचा दर फक्त त्या ५ युनिटांना लागतो, सगळ्यांना नाही. हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे.

माझे आयुष्य वीजक्षेत्रात गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ज्या वेळी कारखाने आणि घरे शांत असत, परंतु औष्णिक संच मात्र बंद करता येत नसत, त्या वेळची म्हणजे रात्रीची वीज पूर्वी खरोखरच स्वस्त पडत असे. मोठ्या उद्योगांना रात्री १० ते पहाटे ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सूट होती, आणि त्या सवलतीसाठी कोल्हापूरकडच्या फाउंड्रीवाल्यांनी आपल्या भट्ट्या रात्रपाळीत चालवल्या. ठाणे आणि अहिल्यानगरच्या सीमेवरील घाटघर प्रकल्पही याच तर्कावर उभा आहे : मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज काढायची.

सौरऊर्जेने हे सर्व उलटे केले. आता भर दुपारी वीज मुबलक असते, तर सूर्य मावळताच घराघरांत दिवे, पंखे आणि एसी एकदम सुरू होतात आणि नेमक्या त्याच वेळी सौरवीज संपलेली असते. ती खिंड मग कोयनेसारखे जलविद्युत प्रकल्प आणि बाजारातून घेतलेली महाग वीज लढवते. आपण संध्याकाळी सातचे एक युनिट दुपारी दोनला नेले तर आपले ८० पैसे वाचतात ही त्यातली छोटी गोष्ट आहे. त्या एका युनिटाकरता संध्याकाळी करावी लागणारी धावपळ वाचते, ही मोठी. म्हणून पहिला डबा यांच्या अडचणी खऱ्या असल्या तरी, त्यांना लाभ घेता येत नाही म्हणून योजनाच चुकीची ठरवणे मला पटत नाही.

बांधावरून :

शहरातील मंडळींचा हा वाद वाचून गंमत वाटली आणि थोडे वाईटही. विजेच्या सोयीने माणसाने आपला दिवस बदलावा, हे आमच्याकडे कोणी ८० पैसे देऊन सांगितले नव्हते. कृषिपंपांना वीज आठवडाआड रात्री मिळत असे. त्या काळात माझे वडील थंडीत, डोक्याला कानटोपी आणि हातात बॅटरी घेऊन, रात्री बारा वाजता मोटर सुरू करायला जात आणि पहाटेपर्यंत उसाला बारे देत बसत. वाफ्यात साप निघाला तर ती बॅटरीच काय ती सोबतीला. राज्याने कित्येक वर्षे शेतकऱ्याची झोप मोडून आपली मागणी समतोल ठेवली, हे भारनियंत्रक यांच्या इतिहासात यायला हवे होते. २००५ च्या सुमारास अक्षय प्रकाश योजनेत गावांनी संध्याकाळी मोटारी आणि गिरण्या स्वतःहून बंद ठेवल्या, तेव्हा कुठे घरातला दिवा टिकला.

आता सौर कृषिवाहिनीमुळे दिवसा वीज मिळू लागली आहे आणि तिचे मोल आम्हाला कळते. तेव्हा आंघोळ नऊनंतर करावी लागते ही फार मोठी तक्रार समजू नये.

लेस्टरकर :

मी इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षे राहतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. इथे १९७८ पासून 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा दर आहे. त्यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त असते आणि रात्री विटांमध्ये उष्णता साठवून दिवसभर ती सोडणारे हीटर त्यासाठीच घरोघरी बसवले गेले. मात्र त्याच योजनेत दिवसाचा दर साध्या दरापेक्षा जास्त असतो, आणि ज्यांचा बहुतांश वापर दिवसा होतो त्यांना ही 'बचत' चांगलीच महागात पडते. येथील अग्निशमन दले तर झोपेत असताना धुलाई यंत्र किंवा ड्रायर चालू ठेवू नका असे वारंवार सांगतात.

महाराष्ट्रात आज घरगुती ग्राहकाला फक्त सवलत आहे, दंड नाही. परंतु केंद्राच्या २०२३ च्या नियमांत घरगुती ग्राहकांसाठीही गर्दीच्या वेळेचा दर किमान दहा टक्के जास्त ठेवण्याची तरतूद आहे. तो दर उद्या प्रत्यक्षात आला तर संध्याकाळी साडेसातला घरी पोहोचून स्वयंपाक, आंघोळ, कपडे सर्व त्यानंतर करणाऱ्या पहिला डबा यांना सूट तर मिळणार नाहीच, वर अधिक पैसे मोजावे लागतील. मला काळजी वाटते ती याची.

पहिला डबा :

हेच मला म्हणायचे होते आणि ते मला इतके नेमके मांडता आले नाही. बांधावरून यांच्या वडिलांबद्दल वाचून मान खाली गेली, परंतु त्यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे असे मी नम्रपणे म्हणेन. तेव्हाही वेळापत्रक ठरवणारे वेगळे होते आणि जागणारे वेगळे.

वहीतला हिशेब :

पहिला डबा यांनी विचारलेला आकडा वहीत होता, मीच तो दिला नव्हता. सप्टेंबरमध्ये, म्हणजे काहीही न बदलता, ९ ते ५ मधील वापर ६१ युनिट होता. सवलतीचे ४८ रुपये ८० पैसे त्यामुळे आपसूकच मिळत होते. ५७ युनिट आम्ही खटपट करून हलवले आणि त्याचे ४५ रुपये ६० पैसे झाले. मूळ लेखातील ९४ रुपये आमच्या कष्टांचे नाहीत, ही दुरुस्ती मान्य करतो.

काटकसरी यांच्या सांगण्यावरून या महिन्यात कपडे साध्या पाण्यात धुऊन पाहिले. सदऱ्याची कॉलर सोडली तर फरक दिसला नाही, आणि कॉलरला आधी साबण लावून ठेवला की तीही निघते. आंघोळी नऊनंतरच चालू राहतील. आई मात्र चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, तिची सहाची आंघोळ हलणार नाही आणि ती हलवण्याचा विचारही आम्ही केलेला नाही.

'कोणीतरी' या शब्दावर घरात बोलणे झाले. वहीत नोंदी माझ्या असल्या तरी दुपारी एक वाजता इस्त्री घेऊन उभी राहणारी पत्नी आहे, हे तिने शांतपणे निदर्शनास आणून दिले. एप्रिलच्या उन्हात पंखा बंद करून दुपारची इस्त्री ती करणार नाही. मला ८० पैशांचे फारच वाटत असेल तर मी करावी. मी दोन सदरे करून पाहिले. इस्त्री पुन्हा सकाळी सात वाजता होऊ लागली आहे.