कॉलनीच्या मीटिंगमध्ये लोकांना पटवायचं कसं?

भावांनो, रविवारी बोलायचंय, पंचगंगेचं पाणी चढायच्या आत सामान वरच्या मजल्यावर हलवा म्हणून, पण आकडे काढले की म्हातारी माणसं उठूनच जातात. कसं बोलू?

रंकाळाकाठ: आकडे नंतर काढ. अ‍ॅरिस्टॉटलनं तीन वाटा सांगितल्यात, बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद, तू नुसता तिसरीनं चाललायस. २०१९ ला तुझ्या घरात पाणी शिरलेलं ना? भिंतीवरच्या त्या डागाचा फोटो दाखव आधी.

तांबडापांढरा: भीती लई घालू नको पण, घाबरलेला माणूस ऐकत नाही. राजाराम बंधाऱ्याला नदीचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका, एवढंच सांग आणि ३९ ला काय उचलायचं ते तिथंच ठरवा.

रंकाळाकाठ: बरोबर. आणि सुरुवात कॉलनीतल्या एखाद्या आजींना करू दे, त्यांचा शब्द कोण मोडत नाही.