अनुभव धागा: पाय लटपटत असताना पुढे गेलेली पात्रं

मागच्या महिन्यात कंबरेचा एमआरआय काढला. बंद जागेची मला इतकी धास्ती, की लिफ्टमध्ये गर्दी असली तर मी गुपचूप चार मजले जिन्याने चढते. त्या बोगद्यात सरकवलं, हातात रबरी फुगा दिला (अगदीच सहन झालं नाही तर दाबा म्हणाले), कानांवर हेडफोन चढवले आणि धडधड सुरू झाली. ठक ठक ठक ठक. छत नाकापासून वीतभर. तिसऱ्याच मिनिटाला फुगा दाबणार होते, तेवढ्यात काय आठवावं? भोपळ्यातली म्हातारी!

विचार करा, ती बाई वाघाला मारतबिरत नाही. जाताना चक्क थाप मारते: लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होते, मग खा मला. आणि वाघ वाट अडवून बसलाय हे पक्कं माहीत असताना त्याच वाटेने परत निघते. लहानपणी मला भोपळ्याची गंमत वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं, की भोपळ्यात मिट्ट काळोख असणार. वाघ बाहेरून हाका मारतोय आणि ही आतून "म्हातारीबितारी मी नाही जाणत" म्हणते, तेव्हा तिचा आवाज कापत असणार. आमची आजी तो आवाज खणखणीत काढायची. चुकत होती आजी.

मशीनच्या ठोक्यांवर "टुणूक टुणूक" धरलं आणि बावीस मिनिटं काढली. फुगा घामाने हातातून निसटत होता, पण दाबला नाही.

तर मंडळी, तुमच्या अडचणीच्या वेळी गोष्टीतलं कोण आलं धावून? अट एकच, पात्र घाबरलेलं हवं. छाती पुढे काढून चालणारे जन्मजात शूर नकोत. त्यांचा मला तरी आजवर काडीचा उपयोग झालेला नाही.

शेवटची_लोकल
श्याम. 'श्यामची आई'तला. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकलो. पालिकेचा तलाव, सकाळी सहाची बॅच, बाकी सगळी पहिली-दुसरीतली पोरं. ती पटापट उड्या मारायची आणि मी कठड्याला धरून पाय हलवत बसायचो. एका चिमुरडीने विचारलं, "काका, तुम्ही रोज इथेच का बसता?"

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आमच्या घरात रडण्यासाठीच वाचलं जायचं. पोहण्याच्या प्रकरणात सगळ्यांच्या लक्षात राहते ती शिंपटी, नंतर वळांवर लावलेलं तेल आणि दही. मला आठवलं ते वेगळंच. श्याम पहिल्यांदा विहिरीत पडतो तो ढकलल्यामुळे. ती काही उडी नव्हे. पण नंतर 'आता पुन्हा मार' म्हटल्यावर तो मारतो, ती त्याची स्वतःची. पाणी कसं नाकातोंडात जातं हे कळल्यावरची. मलाही पहिल्यांदा प्रशिक्षकाने लोटलंच होतं. दुसरी उडी मारायला मला अकरा दिवस लागले.

साखरझोप
मार देऊन धीटपणा येतो हे मला आजही पटत नाही. पण दुसऱ्या उडीचं पटलं.

गल्लीतला_टिल्लू
फास्टर फेणे चालेल का? 'टॉक्'! (अटीत बसत नाही, माहितीये. फुरसुंगीचा बन्या घाबरतो कधी? पण माझी सायकल उतारावर ब्रेक फेल होऊन निघाली, तेव्हा तोंडातून तेवढंच आलं. पुढे गटार होतं.)

वारणेकाठचा
धाग्याच्या अटीवरच आक्षेप आहे. शूर माणूस नको म्हणताय, म्हणजे आमचा फकिरा बाहेर. मी वाळवा तालुक्यातला, अण्णाभाऊंच्या वाटेगावच्या शेजारचा. १९५९ ची ही कादंबरी आमच्याकडे वाचायच्या आधी ऐकली जाते. फकिराचा बाप रानोजी जोगणी (गावाच्या जत्रेचा मान) आणतो आणि जिवानिशी जातो, फकिरा खजिना लुटतो, हे पारावर बसून आम्ही अंगावर काटा आणून ऐकायचो. त्याची भीती कुठे दिसत नाही, खरंय. पण शेवट आठवा. सरकारने त्याची माणसं डांबल्यावर तो आपणहून हजर होतो. लढताना भीती वाटली नसेल, त्या चालत जाण्याची वाटली असणार. पुस्तकात लिहिलेलं नाही, माझं म्हणणं आहे.

आता अनुभव. लहान तोंडी मोठा घास आहे, पण सांगतो. तेविसाव्या वर्षी माझ्या मोटारसायकलचा एका म्हाताऱ्याला धक्का बसला. मी थांबलो नाही. पळालो, मामाच्या मळ्यात जाऊन झोपलो. गाडी वडिलांच्या नावावर. संध्याकाळी निरोप आला, वडिलांना ठाण्यात बसवलंय. मळ्यातून ठाणं सात किलोमीटर. रात्री उसाच्या कडेकडेने चालत गेलो. वाटेत तीनदा मागे फिरलो. दारात गेलो तर वडील बाकड्यावर टोपी मांडीवर घेऊन बसलेले. मला बघून पहिलं काय बोलले? "जेवलास का?"

म्हातारबाबा वाचले. मांडीचं हाड मोडलं होतं. दर आठवड्याला डबा घेऊन जायचो, पहिले दोन महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

(धागाकर्ती)
वारणेकाठचा, अट मागे घेते.

किल्ली_कुठाय
तुमच्यापुढे माझं फारच किरकोळ आहे. नेव्हिल लाँगबॉटम. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागात हा गोलमटोल, विसराळू पोरगा रात्री बाहेर निघालेल्या स्वतःच्याच मित्रांना अडवतो. हर्मायनी मंत्र टाकते आणि तो लाकडासारखा आडवा. शेवटी डंबलडोर त्याला दहा गुण देतात आणि त्या दहा गुणांवर घराचा कप जिंकला जातो. पुढे तो तलवारीने नागीण मारतो, ते सगळ्यांना आवडतं. मला आडवा पडलेलाच आवडतो.

आमच्या हॉस्टेलवर एकदा रात्री एक वाजता, चांगली चढलेली असताना, लोणावळ्याला जायचं ठरलं. मी प्यायलो नव्हतो. गाडीची किल्ली उचलली आणि बाथरूममध्ये कडी लावून बसलो. दार बडवून शिव्या घातल्या, एकाने खालच्या फटीतून पाणी सोडलं. नंतर आठवडाभर मेसमध्ये माझ्या टेबलावर कोणी नाही. दहा गुण अजून यायचेत.

तिसरी_घंटा
मी रंगभूमीवरची, त्यामुळे माझं पात्र मला पाठ आहे. लीला बेणारे, 'शांतता! कोर्ट चालू आहे'. तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली रंगायनने केलं, बेणारे सुलभा देशपांडेंची. आम्ही केलं ते कॉलेजात, स्पर्धेसाठी.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: वेळ घालवायला म्हणून खोटा खटला मांडतात आणि बघता बघता तो खऱ्या बाईवर चालवतात. शेवटी तिला बोलायला दहा सेकंद मिळतात. मग बाकी सगळे जागच्या जागी थिजतात आणि तिचं लांबलचक स्वगत होतं. ते संपल्यावर खटला पुढे सुरू, जणू ती बोललीच नाही. तालमीत थिजलेल्यांपैकी एकाच्या नाकावर माशी बसायची आणि मी दर वेळी हसायचे. प्रयोगात मात्र असे पाय थरथरायला लागले की खुर्चीची पाठ घट्ट धरली. समोर सहा माणसं, सहाही ओळखीची, एकही ऐकत नाही. तो थंडपणा पाठीच्या कण्यातून गेला.

बारा वर्षांनी एका सहकारी मुलीच्या तक्रारीत साक्षीदार म्हणून समितीपुढे बसले. टेबलाच्या पलीकडे पुन्हा ओळखीचेच चेहरे. बोलू नकोस, बढती तोंडावर आहे, असं घरच्यांनीसुद्धा सांगितलं होतं. खुर्चीची पाठ धरायला मिळाली नाही, कारण मीच तिच्यात बसले होते. वीस मिनिटं बोलले. नंतर जबाबाचा कागद सहीला आला, त्यावर दोन ओळी. सही केली नाही. "पूर्ण लिहा, मग करते." लिहायला त्यांना पाऊण तास लागला आणि मी तिथेच बसून राहिले.

साखरझोप
आणि बढती?

तिसरी_घंटा
नाही ना.

तपकिरीची_डबी
वाचून संपवलेल्या पुस्तकातली माणसं घरात सापडतात तसं माझं झालं. 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मध्ये एक खाष्ट म्हातारी आहे, मिसेस ड्युबोज. जेमने तिच्या बागेची नासधूस केली म्हणून त्याला शिक्षा मिळते, रोज तिला पुस्तक वाचून दाखवायचं. घड्याळाचा गजर झाला की सुटका. आणि गजर रोज थोडा उशिरा होतो. ती गेल्यावर कळतं, की तिला मॉर्फिनची सवय होती, मरण्याआधी त्यातून मोकळं व्हायचं होतं आणि ते वाचन म्हणजे दोन डोसांमधलं अंतर ताणणं होतं. पिसाळलेलं कुत्रं एका गोळीत पाडणारा अ‍ॅटिकस आपल्या मुलांना धैर्य म्हणून दाखवतो ती ही बाई.

माझी आजी मिसरी लावायची. साठ वर्षं. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, त्या वासानेच आम्ही जागे व्हायचो. बहात्तराव्या वर्षी ऑपरेशन ठरलं, डॉक्टरांनी मिसरी बंद सांगितली. आजी ऑपरेशनला घाबरत नव्हती, मिसरीवाचूनच्या सकाळीला घाबरायची. मला म्हणाली, "उठल्या उठल्या पत्ते घेऊन ये." सकाळी साडेसहाला आम्ही पाच-तीन-दोन खेळायचो, तिसरा भिडू म्हणून दूधवाल्याला बसवायचो. तिचे हात इतके थरथरायचे की पानं उलटी पडायची आणि मला तिचा हुकूम दिसायचा. मी न बघितल्यासारखं करायचे. तिलाही ते कळायचं. "बघितलंस तर सांग की," म्हणायची, आणि डबीकडे नजर.

डबी फेकू दिली नाही. समोर फळीवरच ठेवली होती, भरलेली.

माळावरची_चिंच
ते सगळं ठीक, पण धागाकर्तीबाई, तूप-रोटी? आमच्याकडे म्हातारी दूध-तूप खाते आणि 'लठ्ठमुठ्ठ' होते. रोटीबिटी ऐकली नाही कधी.

शेवटची_लोकल
आमच्याकडे साय-भात. आणि वाघाबरोबर कोल्हाही.

(धागाकर्ती)
आमची तूप-रोटीच, वाद नको. पुढच्या मंगळवारी मानेचा एमआरआय आहे. त्यात तोंडावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवतात म्हणे. भोपळ्याच्या गोष्टीत पिंजरा नाही. कोणाकडे पिंजऱ्यातलं, पण वाघ नसलेलं पात्र असेल तर सोमवार रात्रीपर्यंत टाका.