दुसऱ्या खेपेला बर्थ सेंटर बिनधास्त बघ

पहिली डिलिव्हरी सुरळीत झाली, आता मिडवाइफच्या (प्रशिक्षित सुईणी चालवतात त्या) बर्थ सेंटरला जाऊ का, पण सासूबाई घाबरतात, असं तू विचारलंयस. इंग्लंडमध्येच आहेस, तर त्यांना २०११चा 'बर्थप्लेस' अभ्यास सांग. कमी जोखमीच्या सुमारे ६४ हजार बायकांमध्ये बर्थ सेंटरमुळे बाळाचा धोका वाढलेला दिसला नाही, सिझेरियनही कमी झाली. पहिलटकरणींपैकी ३६ ते ४० टक्क्यांना हॉस्पिटलच्या लेबर वॉर्डला (डॉक्टर असतात त्या प्रसूती कक्षात) हलवावं लागलं (सर्वांत जास्त वेळा प्रसूती रेंगाळली म्हणून), आधी मूल झालेल्यांत मात्र ९ ते १३ टक्केच. एपिड्यूरल (कळा कमी करायला पाठीच्या कण्यात देतात ती भूल) बर्थ सेंटरमध्ये मिळत नाही हं! गॅस अँड एअर (श्वासातून घ्यायचा, कळा सुसह्य करणारा वायू) असतो, बहुतेक ठिकाणी पाण्याचा टबही. मी असते तर हॉस्पिटलच्या आवारातलंच सेंटर निवडलं असतं, म्हणजे सासूबाईही निवांत.