लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये सर्वाधिक कौशल्य कोणत्या खेळात लागते?

दांडियाबाजारकर

नमस्कार. आमच्या मंडळाने यंदाच्या गणेशोत्सवात रांगोळी, पाककृती आणि एकपात्री यांच्या जोडीला मुलांच्या आग्रहाखातर लढतीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवायचे ठरवले आहे. खेळ कोणता ठेवायचा यावरून मात्र आमच्या घरातच दोन तट पडले आहेत. माझा भाचा बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात अभियांत्रिकी शिकतो आणि त्याच्या मते टेकन ८ सोडून दुसरे काही ठेवले, तर तिला स्पर्धा म्हणूच नये. मी शाळकरी वयात रावपुऱ्यातल्या एका गाळ्यात, रुपयाचे नाणे टाकून, पाठीमागे उभ्या असलेल्या सात-आठ जणांच्या शेरेबाजीत किंग ऑफ फायटर्स ९७ खेळलो आहे. त्यामुळे ज्या खेळात हरल्यावर नाणे जात नाही, तो खेळ शिकायला अवघड असतो हे मला अजून पटत नाही. (मुस्तफाचा खेळ मी यात धरत नाही. त्यात गुंडांना बडवत पुढे जायचे असते, समोर माणूस नसतो.)

माझे आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात आणि कुस्ती पाहताना कोणी नुसता जोर लावू लागला की म्हणत, याला डाव येत नाहीत. मला तेच विचारायचे आहे. बटणे बडवून जिंकता येणार नाही, डाव यावाच लागेल, असा खेळ कोणता? आणि कौशल्य मोजायचे ते बोटांचे की डोक्याचे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मागेमागेतिरके

आपल्या भाच्याची बाजू घेतो, परंतु त्याने दिलेल्या कारणासाठी नव्हे.

या खेळांत चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते आणि त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात, हे आधी लक्षात घ्यावे. एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. टेकनमधल्या मिशिमा घराण्याच्या पात्रांकडे एक प्रसिद्ध ठोसा आहे. त्यासाठी पुढे, मोकळे, खाली आणि पुढे-खाली अशी काडी (जॉयस्टिक) फिरवून उजवा ठोसा मारायचा असतो. शेवटची तिरकी दिशा आणि ठोशाचे बटण एकाच फ्रेममध्ये पडले, तर हातातून वीज चमकते. एका फ्रेमने चुकले, तर तोच ठोसा विजेविना निघतो. प्रेक्षकाला हा फरक केवळ दिखाऊ वाटतो. प्रत्यक्षात टेकन ७ मध्ये साधा ठोसा समोरच्याने अडवला, तर मारणारा दहा फ्रेम मागे पडे, आणि खेळातला सर्वांत जलद फटका दहा फ्रेमचाच असल्याने त्याला हमखास मार बसे. वीज चमकलेला ठोसा अडवला गेला, तरी मारणारा उलट पाच फ्रेम पुढे राही. एकाच डावाच्या एका फ्रेमवर पुढची पाळी कोणाची हे ठरत असे.

दुसरी गोष्ट मागे सरकण्याची, जिला कोरियन बॅकडॅश म्हणतात. मागे दोनदा दाबले की पात्र झटकन मागे जाते, पण ती हालचाल पुरी होण्याआधी पुन्हा तीच करता येत नाही. म्हणून मध्ये क्षणभर खाली-मागे अशी तिरकी काडी दाबून हालचाल तोडायची आणि पुन्हा मागे जायचे. हे न चुकता करायला मला सात-आठ महिने लागले आणि अंगठ्याला घट्टा पडला तो वेगळाच.

तरीही हे सारे सोपे म्हणावे इतके कठीण काम पुढे आहे. टेकन ८ आला तेव्हाच त्यात ३२ पात्रे होती आणि प्रत्येकाच्या हालचालींची यादी शंभराच्या पुढे जाते. यातली कोणती अडवल्यावर उलट मारता येते, कोणती खाली वाकून चुकवायची, कोणती बाजूला सरकून आणि कोणत्या बाजूला, हे पाठ असल्याशिवाय तुम्ही चांगले खेळू शकत नाही. लाहोरचा अर्स्लान ॲश २०१९ मध्ये आधी जपानमधली आणि मग लास वेगासची इव्हो ही लढतीच्या खेळांची मोठी स्पर्धा जिंकला, तोवर पाकिस्तानी खेळाडूंना बाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते. विजयानंतर त्याने सांगितले की आपल्या देशात आणखी तगडे खेळाडू आहेत, आणि ‘नी’ या नावाने खेळणारा कोरियाचा मातब्बर खेळाडू ते पाहायला खरोखरच पाकिस्तानात गेला. शेजारी बसून, एकाच यंत्रावर, रोज त्याच दहा-बारा हुशार माणसांशी खेळल्याने ही पाठांतरे पक्की होतात. आपल्याकडच्या आखाड्यांतही याहून वेगळे काय होते?

अर्धवर्तुळ

विजेच्या ठोशाबद्दल दुमत नाही. पाठांतराला कौशल्य म्हणावे का, हा माझा आक्षेप आहे. पंचांग पाठ असलेल्या माणसाला आपण ज्योतिषी म्हणत नाही.

प्रश्नकर्त्यांच्या किंग ऑफ फायटर्सपासून सुरुवात करतो, कारण त्याला नव्या मुलांकडून मिळणारी वागणूक अन्यायाची आहे. त्यात चार प्रकारच्या उड्या आहेत. काडी किती वेळ दाबली आणि त्याआधी खाली टेकवली का, यावर उडी बुटकी, बुटकी पण लांब, साधी किंवा उंच लांब ठरते. बुटकी उडी इतकी झटपट असते की ती पाहून खालून फटका मारणे फार थोड्यांना जमते. बहुतेक वेळा ती येणार हे आधी जाणावे लागते. गाळ्यातल्या पोरांना हे शब्दांत सांगता आले नसते, पण इओरी हे पात्र घेऊन सतत बुटक्या उड्या मारणाऱ्याला कसे थोपवायचे हे त्यांना ठाऊक होते.

तरीही माझे मत १९९९ च्या स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइकला. त्यातल्या पॅरीमुळे. फटका अंगावर येताना मागे दाबून अडवण्याऐवजी पुढे टिचकी मारली आणि ती वेळेवर पडली, तर मुळीच इजा होत नाही आणि उलट मारायला मोकळीक मिळते. ही वेळ सुमारे दहा फ्रेमची, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. चुकलात तर तुम्ही अडवण्याऐवजी पुढे सरकत होता, म्हणून फटका पुरा बसतो.

२००४ च्या इव्होमधला प्रसंग येथे अनेकांनी पाहिला असेल, पण त्यातली खुबी सहसा सांगितली जात नाही. दाइगो उमेहारा या खेळाडूच्या केन या पात्राकडे नखभर जीव उरला होता. त्या अवस्थेत समोरच्या जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राची पंधरा लाथांची महालाथ अडवली असती तरीही तो मेला असता, कारण अशा फटक्याचा थोडा अंश अडवल्यावरही लागतो. त्यामुळे पंधराच्या पंधरा लाथांना टिचकी मारणे हा एकच मार्ग होता, आणि पहिली टिचकी तर लाथ नीट दिसण्याआधीच मारावी लागते. म्हणजे वाँग आता मोह आवरणार नाही हे दाइगोने ताडले होते. शेवटची लाथ त्याने उडी मारून हवेत परतवली, कारण तिथून उलट मार जास्त बसतो. एवढे करून त्या स्पर्धेचे विजेतेपद त्याला मिळाले नाही, अंतिम सामना तो हरला. या खेळात बोटे आणि डोके वेगळे काढून दाखवताच येत नाहीत, म्हणून माझे मत त्याला.

एक उणीव मात्र मान्य करतो. थर्ड स्ट्राइकमध्ये चुन-ली, युन आणि केन ही तीन पात्रे बाकीच्यांपेक्षा इतकी वरचढ आहेत की मोठ्या स्पर्धेत पुन्हा पुन्हा तेच चेहरे दिसतात.

मांडवीची मोजपट्टी

दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, पण दोन्हींत प्रश्न थोडा सरकला आहे. प्रश्नकर्त्यांना जगातला सर्वांत खोल खेळ हवा आहे, की मंडळाच्या मांडवात एका संध्याकाळी सोळा मुलांमधला चांगला खेळाडू ओळखता येईल असा खेळ हवा आहे? या दोहोंचे उत्तर एक नाही.

केवळ बोटांचा विचार केला, तर टेकन आणि थर्ड स्ट्राइक या दोघांच्याही पुढे जाणारे खेळ आहेत. व्हर्च्युआ फायटरमधल्या अकिराचा गुडघा मारायला लाथ आणि बचाव ही बटणे एकत्र दाबून बचावाचे बटण एका फ्रेमच्या आत सोडावे लागे. दाबणे सारेच शिकतात, सोडायला शिकवणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही. २००१ च्या स्मॅश ब्रदर्स मेलीमध्ये हवेतून मारत खाली येताना, जमिनीला टेकण्याच्या आधीच्या सात फ्रेममध्ये एक बटण दाबले, तर सावरायचा वेळ निम्मा होतो. चांगला खेळाडू हे प्रत्येक उडीला करतो, त्यामुळे एका सामन्यात त्याची बोटे किती वेळा हलतात हे पाहूनच दमायला होते. स्ट्रीट फायटर ४ मधले काही कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेले फटके, एकाच फ्रेमच्या फटीतून जोडावे लागत, आणि त्यासाठी खेळाडूंनी दोन बटणे किंचित पुढे-मागे दाबायची क्लृप्ती शोधून काढली होती.

आता डोळ्यांचे पाहा. दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम. टेकनचा दहा फ्रेमचा फटका पाहून अडवणे कोणालाच शक्य नाही. स्ट्रीट फायटर ६ मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा जोरदार फटका २६ फ्रेमचा आहे. कागदावर तो पाहून परतवता येतो, पण लक्ष दुसरीकडे असताना नाही, आणि समोरचा तुमचे लक्ष दुसरीकडे नेण्यातच गुंतलेला असतो. म्हणून वयाने बोटे मंदावली की खेळ संपला, हे खरे नाही. हांगचौ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ५ चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी वयाच्या ४४ व्या वर्षी जिंकले. (त्याच प्रकारात आपल्याकडचे दोन खेळाडूही उतरले होते.)

तेव्हा मंडळासाठी माझी सूचना अशी की टेकन ठेवू नये. भाच्याला राग येईल, पण वरच्या उत्तरातलेच कारण उलटे करून पाहा. ज्या खेळात शेकडो हालचालींची तोड पाठ असावी लागते, त्यात ती पाठ नसलेल्यांची संख्या मांडवात जास्त असणार. अशा ठिकाणी एखादा मुलगा एडीसारखे पात्र घेऊन लाथांची दोन बटणे बडवत सुटतो आणि सहा महिने मेहनत केलेल्याला बाद करतो, कारण त्या नेमक्या लाथा कुठे थांबतात हे त्याने कधी पाहिलेले नसते. टेकनची खोली खरी आहे, पण ती दोघेही पोहणारे असतील तेव्हाच कळते. स्ट्रीट फायटर ६ सुरुवातीला १८ पात्रांचा होता आणि त्यात कोणापासून किती अंतरावर उभे राहायचे, समोरच्याने उडी मारली की खालून कसे मारायचे, एवढे जमणारा मुलगा बटणे बडवणाऱ्याला दहापैकी नऊदा तरी हरवतो. त्यात एका बटणात स्पेशल, म्हणजे पात्राचा खास डाव, निघणारी सोपी पद्धत आहे, आणि तशा स्पेशलची इजा वीस टक्के कमी होते. ती बंद ठेवू नका. नवख्याला उभे राहता येईल आणि काडी फिरवता येणाऱ्याचा फायदाही शिल्लक राहील.

आणि एकाच सामन्यावर कोणाला घरी पाठवू नये. तीनपैकी दोन सामने आणि दोनदा हरल्यावरच बाद, एवढे केलेत तर खेळाच्या निवडीने पडणारा निम्मा फरक भरून निघेल.

मागेमागेतिरके

एडीचा मुद्दा वर्मी लागला, नाकारत नाही. मोठ्या स्पर्धेत त्याला दहा सेकंदांत आवरतात, पण मांडवात खरोखर असेच होईल.

एक सावधगिरी मात्र खेळापेक्षा महत्त्वाची. गेल्या वर्षी एका मंडळाच्या स्पर्धेत मी उतरलो होतो. टीव्ही भाड्याचा होता, मोठा आणि देखणा, पण बटण दाबल्यावर चित्र इतके उशिरा हलत होते की घरी झोपेत जमणारे कॉम्बो तिथे तुटत होते. आयोजक म्हणाले, सर्वांना सारखाच त्रास आहे. तसे नसते. ज्याचे कौशल्य वेळ साधण्यावर उभे आहे त्यालाच त्याचा फटका बसतो, बटणे बडवणाऱ्याला काही कळतही नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो आधी चालू करून घ्यावा.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. रविवारी भाच्याला समोर बसवून हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. एडीच्या परिच्छेदाला तो गप्प झाला, कारण गेल्या दिवाळीत त्याच्या मावसबहिणीने त्याला नेमके तसेच हरवले होते. स्ट्रीट फायटर ६ ठरला आहे, तीनपैकी दोन सामने, दोन पराभवांनी बाद.

टीव्हीची तपासणी लगेच केली. भाच्याने मोबाईल सेकंदाला २४० चित्रांच्या मंदगतीवर लावला, एकाच चौकटीत माझा अंगठा आणि पडदा येईल असा धरला, आणि मी ठोशाचे बटण दाबले. मग आम्ही दोघांनी चित्रे एकेक पुढे सरकवत मोजली. बटण खाली जाण्यापासून खेळातल्या रियू या पात्राचा खांदा हलेपर्यंत ३८ चित्रे झाली, म्हणजे सुमारे १५८ मिलिसेकंद. गेम मोड चालू करून पुन्हा मोजले तेव्हा १७ भरली, म्हणजे ७१. त्यात रियूचा स्वतःचा वेळही आला, पण मधला फरक पाच फ्रेमचा निघतो आणि तो सगळा टीव्हीचा आहे. गाळ्यातल्या जुन्या काचेच्या पडद्यावर मी उगाच चांगला खेळत नव्हतो, एवढे भाच्याकडून कबूल करून घेतले.

आता एकच शंका उरली आहे. तीन मुले स्वतःची काडीची पेटी आणणार आहेत आणि एकाकडे नुसत्या बटणांची, काडीच नसलेली पेटी आहे. तिला परवानगी द्यावी का?

अर्धवर्तुळ

द्यावी. मोठ्या स्पर्धांतही ती चालते. फक्त मागे आणि पुढे ही दोन्ही बटणे एकदम दाबली तर पात्र कुठेही सरकता कामा नये, एवढे सामन्यापूर्वी सर्वांसमोर दाबून दाखवायला सांगा. पेट्यांच्या तारा सुट्या ठेवू नका, आरतीच्या वेळी गर्दीत कोणाचा तरी पाय अडकतोच.