टपालाने सही मागणं म्हणजे भीक?

क्लीव्हलंडकर:
निवृत्त बेसबॉलपटूंच्या घरी त्यांच्याच फोटोचं छापील कार्ड पाठवून सही मागणं म्हणजे 'टपालाने भीक मागणं', असं काल इथे कुणीतरी लिहिलं. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. अकरा वर्षं हा छंद आहे. हाताने लिहिलेलं एक पानी पत्र, कार्ड आणि परतीचं पाकीट, त्यावरचं तिकीटही माझंच. चकचकीत कार्डावर शाई धरत नाही, म्हणून आधी बेबी पावडर चोळून पुसून घेतो. एका पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टॉप्स कंपनीच्या १९८७ च्या कार्डावर, त्या लाकडी चौकटीवाल्या, निळ्या शार्पी मार्करने सही केली आणि मी विचारलेल्या सामन्याबद्दल माझ्याच पत्राच्या मागे पानभर लिहिलं. भिकाऱ्याला कुणी पानभर लिहितं का?

एडिसनचे नाना:
लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. आमच्या गल्लीत एक माजी खेळाडू राहायचे. ऐंशी उलटलेली, बोटं वाकडी झालेली. आठवड्याला बुटांचं खोकं भरून पाकिटं! बायको बिचारी दुपारभर फोडत बसायची. एकेकात सहा-सहा कार्डं, आणि तीच नंतर विकायला. या सह्यांच्या बाजाराने काय केलं ते एफबीआयच्या ऑपरेशन बुलपेनमध्ये, बनावट सह्यांविरुद्धच्या त्या मोहिमेत, दिसलंच. टोनी ग्विनसारख्या नामवंत बेसबॉलपटूला स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या सापडल्या होत्या.

मीच_ती:
नाना, बनावट सह्या करणाऱ्यांचं पाप पत्र लिहिणाऱ्यांच्या माथी कशाला? जुने बेसबॉलपटू हार्मन किलब्रू तरुण खेळाडूंना बजावायचे की सही वाचता आली पाहिजे. टोरी हंटर या खेळाडूने त्यांचं ऐकून सही सुधारली. चाहत्याचा मान ठेवणारी माणसं आहेत ही.

उनाडपाखरू:
मान राहू द्या, या खेळाडूंच्या पेन्शनचं बोला. सत्तरच्या दशकात मोठ्या लीगमध्ये खेळून चार वर्षं भरली नाहीत तर काहीच मिळायचं नाही. १९८० मध्ये अट संघातल्या ४३ दिवसांवर आली, पण आधी निवृत्त झालेल्यांना वगळलं. २०११ मध्ये दर ४३ दिवसांमागे वर्षाला ६२५ डॉलर देऊ केले, जास्तीत जास्त १०,०००. माणूस गेला की बायकोला छदामही नाही.

एडिसनचे नाना:
इथे पेन्शन कुठून आली? विषय सोडून बोलायची खोडच आहे तुम्हाला.

उनाडपाखरू:
खोड काढू नका. माझे वडील गिरणीत होते. संपानंतर देणी मिळवायला किती वर्षं चपला झिजवल्या, ते मी पाहिलंय. साडेतीन वर्षं खेळलेल्या माणसाकडे फुकट सही मागताना पाकिटात दहा डॉलर घालायला काय होतं?

क्लीव्हलंडकर:
मी घालतो. दोघांनी तसेच परत पाठवले, सहीसकट.

मीच_ती:
परत पाठवले म्हणून घालायचेच नाहीत असं नाही.

एडिसनचे नाना:
गिरणीचं माहीत नव्हतं, आवाज चढवायला नको होता. पैसे घालून एकच कार्ड पाठवत असाल तर भीक म्हणणार नाही. पण वहिनींनी फोडलेलं ते खोकं मी पाहिलंय. सहा कार्डंवाल्यांना मात्र म्हणणारच.

क्लीव्हलंडकर:
पूर्वी मीही चार पाठवायचो. या रविवारी तीन पाकिटं भरलीत, तिन्हींत एकेकच आहे.