पीएचची रेघ सरळ, तरी केक लोण्यासारखा

रात्रपाळी: मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) ओतून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा गाळ काढतो. रिअॅक्टर सतत चालणारा, दोन्ही फीड वरून पडतात. पीएचचा सेटपॉइंट (राखायचा आकडा) १०.५. आधी पीएच १०.२ ते १०.९ झुलायचा. पीएच बघून कॉस्टिक कमीजास्त करणाऱ्या कंट्रोल लूपचा गेन (प्रतिसादाचा जोर) कमी केला, आता स्क्रीनवरची रेघ अगदी सरळ. पण केक (गाळून उरलेला लगदा) चिकट झालाय, फिल्टर प्रेस उरकतच नाही. साहेब म्हणतात, अजून ट्यून कर. आता काय ट्यून करू?

गाळकाका: काही करू नका. आधी पीएच मोजणारा प्रोब बाहेर काढा. काचेवर पांढरी साय धरली असेल. न पुसता पीएच १० च्या बफरमध्ये (पीएच पक्का ठाऊक असलेल्या द्रावणात) बुडवा आणि आकडा बसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. आमच्याकडे एकदा दोन मिनिटं लागली होती. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात धुतल्यावर दहा सेकंद. अशा प्रोबला आतला झोका दिसतच नाही, तो सरासरी दाखवत बसतो.

आणि प्रोब चांगला असला तरी तो टाकीचा पीएच सांगतो, कॉस्टिकचा थेंब पडतो तिथला नाही. कण जन्मतात त्या थेंबापाशी. तिथे क्षणभर पीएच १३ च्या आसपास, ढवळणारी पाती ते पसरवायच्या आत बारीक कणांचा पाऊस पडून गेलेला असतो. मग लूप कितीही शहाणा असो, जन्मलेले कण परत पोटात घेता येत नाहीत. कॉस्टिक पातळ करा, नळी पात्यांच्या टोकाजवळ न्या (तुंबते, थांबवताना पाण्याने धुवावीच लागते), आणि बसलेला थोडा गाळ परत आत फिरवा. नवीन माल जुन्या कणांवर चढू दे. साहेबांना ट्यूनिंगच सुचतं, कारण ते खुर्चीत बसून होतं.

अर्धाथेंब: काकांशी सहमत. १०.२ ते १०.९ हे लहान वाटतं, पण इथे हायड्रॉक्साइडच्या प्रमाणाचा वर्ग (स्क्वेअर) लागतो. ०.७ पीएच म्हणजे विद्राव्यतेत पंचवीसपट फरक. कॉस्टिक सल्फेटच्या फ्लोशी गुणोत्तराने बांधा, पीएच लूपकडे फक्त शेवटची बारीक दुरुस्ती ठेवा.

रात्रपाळी: मोजलं. ९५ सेकंद. आम्लात धुतल्यावर ११. परत बसवला तर स्क्रीनवर पुन्हा १०.२ ते १०.९. साहेब विचारतात, "धुऊन बिघडवलास का?"